हमादीचं रक्त आणि माझा चहा

हमादीचं रक्त काही केल्या वाढेना. त्याच्या घशाच्या कॅन्सरवर किरणं घ्यायला आम्ही नवराबायको रोज बसनं स्फाक्स शहरातल्या इस्पितळात जायचो. दर सोमवारी रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर सुआदबाईंचा चेहरा उतरायचा.

"हिमोग्लोबिन नऊ. मन्नूबियाबाई, रक्त इतकं कमी असलं की किरणांचा म्हणावा तसा गुण येत नाही. दहाच्या वर जायलाच हवं."

माझा नवरा जगतो की नाही, ते आता या आकड्यावर आलं होतं. मी कंबर कसली. मेंढीची कलेजी वाटून तिचं सूप, मसुराचं गाळलेलं पाणी, दुधात कुस्करलेला खजूर. लोहाची गोळी तर मी स्वतःच्या हातानं भरवायची, जेवण झाल्या झाल्या, माझ्या लाल चहाबरोबर. शेगडीवर तासभर उकळून काळाकुट्ट केलेला चहा. अख्खी गल्ली त्याचं नाव काढते. हमादी डोळे मिटून म्हणायचा, "वा, म्हातारे! आज तर कमाल केलीस."

तिसऱ्या सोमवारी आकडा निघाला आठ पूर्णांक आठ. मी डॉक्टरीणबाईंवरच उखडले. "तुमच्या गोळ्याच खोट्या आहेत!"

"गोळी कशाबरोबर देता?"

मी मोठ्या तोऱ्यात चहाचं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, असला कडक चहा लोह अंगी लागूच देत नाही!"

परतीच्या बसमध्ये मी ढसाढसा रडले. "मीच मारत होते रे तुला."

"गप गं," हमादी घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आणि खरं सांगू? पंधरा दिवस झाले, मला कशाचीच चव लागत नाही. तुझा चहा काय नि गरम पाणी काय."

"मग रोज वा वा कशाला करत होतास, मेल्या?"

"तुझा चेहरा खुलायचा ना."

मी त्याच्या दंडाला करकचून चिमटा काढला आणि घर येईपर्यंत तो दंड सोडला नाही.

किटली माळ्यावर गेली. तो पिणार नाही, तर मीही नाही. डोकं ठणकायचं, शेजारणींवर मी उगाच खेकसायचे, पण एक घोट घेतला नाही. गोळी आता नुसत्या पाण्याबरोबर. किरणांच्या शेवटच्या आठवड्यात आकडा दहा पूर्णांक सहा झाला, तेव्हा मी सुआदबाईंना भर वॉर्डात मिठी मारली.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. गाठ कुठे दिसत नव्हती. सुआदबाईंना विचारून त्या संध्याकाळी मी किटली खाली काढली. हमादीनं घोट घेतला, थांबला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर कमी आहे, म्हातारे."

चाळीस वर्षांत माझ्या चहाला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. मी ओढणीत तोंड खुपसून हुंदके देत राहिले, आणि तो बिचारा घाबरून म्हणत होता, "बरं बाई, बरं! आहे तसाच पितो!"