मानपत्रातलं औषध

“डाक्टरनी जी का घर यही है न?”

दारातल्या माणसाने एवढं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वासुदेवशास्त्र्यांच्या पायांवर डोकं टेकवलं. शास्त्रीबुवा नुकतेच काशीच्या मुन्शी घाटावरून स्नान करून आले होते. एरवी सोवळ्यात कोणी असं शिवलं असतं तर त्यांनी गल्ली डोक्यावर घेतली असती. पण ‘डाक्टरनी जी’ हा शब्द कानांवर पडला आणि राग आला तसा विरघळला. त्यांची अंबिका काही रोगी तपासणारी डॉक्टर नव्हती. ती प्रयोगशाळेत बसून शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीवर संशोधन करत असे. पण बापाच्या कानाला असले फरक ऐकू येत नाहीत.

“हाँ हाँ, यही है. कहाँ से आना हुआ?”

“सिवान से, बाबा. बिहार से. हमारा नाम गोपीनाथ. ये हमारी घरवाली है, सीता.”

घरवाली भिंतीला टेकून उभी होती. हातपाय काटकुळे, चेहरा काळवंडलेला आणि पोट पुढे आलेलं. स्वयंपाकघरातून इंदूबाई डोकावल्या आणि बघताक्षणी नवऱ्यावर उखडल्या.

“अहो, दिवस भरलेली पोर, तिला दारात काय उभी केलीत? या बेटी, अंदर बैठो. कौन सा महीना है?”

उत्तराला थांबतील तर त्या इंदूबाई कसल्या! सवाष्ण, त्यातून पोटुशी, आणि पहिल्यांदा उंबऱ्याशी आलेली. त्या तशाच आत वळल्या आणि ताटात तांदूळ, नारळ, हळदकुंकू घेऊन ओटी भरायला बाहेर आल्या. गोपीनाथने मान खाली घातली.

“बच्चा नहीं है, माताजी. तिल्ली है. कालाजार में तिल्ली बढ़ जाती है न, वही.”

इंदूबाई ताट धरून तशाच राहिल्या. काळा आजार म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं, मुलगी गेली कित्येक वर्षं त्याचंच नाव घेत जेवत होती. पण पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून बाईचं पोट असं दिसतं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ओटीचं ताट बाहेर आणल्यावर परत आत नेता येत नाही. पुढेही करवेना. तेवढ्यात सीता ताटाकडे बघून हसली.

“खोंइछा?” ती म्हणाली. “हमारे यहाँ भी देते हैं. मायके से निकलते बखत.” आणि तिने आपणहून पदर पसरला.

इंदूबाईंनी ओटी भरली. निम्मे तांदूळ फरशीवर सांडले.

मग गोपीनाथने खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढून शास्त्रीबुवांपुढे धरला. त्यांच्या घरी दुसरं वर्तमानपत्र येत असे, त्यामुळे ही बातमी त्यांनी पाहिलेली नव्हती. वर अंबिकेचा शाल पांघरलेला फोटो, खाली मोठ्या अक्षरांत: ‘काशी की बेटी ने किया कालाजार का समूल नाश’. शास्त्रीबुवांची छाती क्षणभर फुगली. मग ‘समूल’ या शब्दावर नजर अडली. तो शब्द त्यांचा होता.

झालं होतं ते असं. अंबिकेचा एक शोधनिबंध परदेशात छापून आला होता. सुदान आणि ब्राझीलसारख्या देशांतले संशोधक तिचा हवाला देऊन पुढचं काम करू लागले होते, आणि त्या वर्षी दिल्लीचा एक मोठा पुरस्कारही तिला मिळाला. दिल्लीने सत्कार केल्यावर काशीची मराठी मंडळी मागे राहणं शक्यच नव्हतं. रविवारी अहिल्याबाई घाटाजवळच्या सभागृहात समारंभ ठरला, आणि समारंभ म्हणजे मानपत्र, आणि मानपत्र म्हणजे वासुदेवशास्त्री. संस्कृत पाठशाळेतून निवृत्त झाले तरी हे खातं त्यांनी कोणाला दिलं नव्हतं.

या मंडळींत मानपत्राची एक रीत होती. तिथली विशेषणं लग्नातल्या दागिन्यांसारखी, घातलेली बघायची, काट्यावर ठेवून तोलायची नाहीत. रेल्वेतल्या तिकीट तपासनिसाला शास्त्रीबुवांनी ‘लोहमार्गभास्कर’ केलं होतं. होमिओपॅथीच्या गोळ्या देणाऱ्या एका गृहस्थांना ‘अभिनव धन्वंतरी’ म्हटलं, तेव्हा सगळं सभागृह टाळ्यांनी दुमदुमलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या धन्वंतरीकडे साधा खोकला घेऊन जायलाही कोणी धजलं नाही. कुठे किती वजा करायचं ते ऐकणाऱ्यांना ठाऊक असे. हात आखडता घेतला तर तोच सत्कारमूर्तीचा अपमान.

लिहायला बसण्याआधी त्यांनी मुलीला विचारलं होतं, “अंबे, नेमकं काय शोधलंस ते सांग बरं एकदा.”

अंबिकेने हातातला चहा खाली ठेवून नीट समजावलं होतं. “नाना, आपल्या शरीरात राखण करणाऱ्या पेशी असतात. या रोगाचे जंतू त्यांच्याच पोटात जाऊन राहतात. म्हणजे चोर राखणदाराच्याच खोलीत. राखणदाराला जागं करायचा एक निरोप असतो, तो या रोग्यांमध्ये नीट पोचत नाही. का पोचत नाही, त्याचं एक कारण आम्ही दाखवलं.”

“एक कारण?”

“हो.”

“बस? इतकंच?”

“इतकंच, नाना. त्यात माझे सगळे केस पिकले.”

आता ‘एक कारण दाखवले’ हे काय मानपत्र झालं? मुलीने लग्न केलं नाही, सणावाराला घरी थांबली नाही, उंदीर आणि रक्त यांत आयुष्य काढलं, आणि बापाने लिहायचं काय, तर एक कारण! तिचं काम शास्त्रीबुवांना कधी कळलं नव्हतं, ते त्यांना मनात खात असे. द्यायला त्यांच्यापाशी शब्दच होते, म्हणून घरातले सगळे दागिने त्यांनी लेकीच्या अंगावर घातले. ‘कालज्वरमर्दिनी’, ‘दुर्धर व्याधीचा समूळ उच्छेद करणारी’, ‘लक्षावधी मुमूर्षूंची संजीवनी’. अंबिका व्यासपीठावर मान खाली घालून ऐकत राहिली. भरल्या सभेत बापाला कोण दुरुस्त करतं? मागच्या रांगेत एका हिंदी वर्तमानपत्राचा वार्ताहर बसला होता. मंडळाचे चिटणीस ढुंढिराजपंत यांनी त्याला मानपत्राचं हिंदी करून दिलं, अगदी शब्दाला शब्द, आणि वजा काय करायचं ते सांगायचं राहून गेलं.

“दवाई दे देंगी न?” गोपीनाथ विचारत होता. “सुई का पूरा कोर्स दो बार हो गया, बाबा. कुछ नहीं हुआ. सिवान में डाक्टर बोला, घर ले जाओ. फिर मास्टर साहब ने ये अखबार पढ़कर सुनाया.”

त्याच वेळी शास्त्रीबुवांनी सांगायला हवं होतं. “बैठिए,” ते म्हणाले, “आ ही जाएगी.” आणि कोपऱ्यावरच्या पीसीओवरून प्रयोगशाळेत फोन करायला ते पायात चपला न घालताच बाहेर पडले.

अंबिका रिक्षाने आली. उंबऱ्यातच तिने सीतेची पापणी ओढून पाहिली, नाडी पाहिली आणि विचारलं, “नाक से खून आता है?”

“रोज,” गोपीनाथ म्हणाला.

अंबिका त्याच्यासमोर जमिनीवर बसली. तिने सगळं सांगितलं, साध्या हिंदीत, न चुकवता. औषध सापडलेलं नाही. कारण सापडलंय, तेही एक. त्या कारणावरून कोणी औषध शोधेल, पण त्याला किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही. गोपीनाथ मान डोलवत ऐकत होता. तिचं बोलणं संपल्यावर त्याने हात जोडले.

“हम समझ गए, डाक्टरनी जी. सबको नहीं दे सकतीं. बड़े लोगों के लिए रखा होगा. बस एक खुराक. हम किसी से नहीं कहेंगे.”

“नहीं है, भैया. होता तो क्या मैं...”

ती उठून आतल्या खोलीत गेली, शास्त्रीबुवा मागोमाग गेले.

“नाना, हे काय करून ठेवलंत? तो समजतोय मी दवा लपवून ठेवलीये.”

“अंबे, मानपत्रात तसंच लिहितात गं...”

“हे तुम्हाला मालूम आहे, मला मालूम आहे. सिवानच्या माणसाला कुठून मालूम असणार?” मग तिचा आवाज खाली आला. “मी तरी कुठे बोलले? माईक समोरच होता की. उठून सांगितलं असतं, तर तुमचा चेहरा... चला, हिला पहिल्यांदा अस्पतालात नेऊ.”

तिने ओळखीच्या डॉक्टरांना गळ घालून सीतेला भरती केलं. एक नवं, जालीम औषध तिथे होतं. ते लागू पडायचं, पण सोसायला शरीरात जीव लागतो, आणि सीतेचं हृदय आधीच्या सुयांनीच दमलेलं होतं. डॉक्टरांनी सुरू केलं, थांबवलं, पुन्हा सुरू केलं. अंबिका संध्याकाळी तिच्या उशाशी जाऊन बसे. कोणत्या पेशी कशामुळे झोपल्या आहेत ते जगात फार थोड्या लोकांना तिच्याइतकं कळत असेल, आणि तिला करता येत होतं ते इतकंच की ओला कपडा कपाळावर ठेवायचा.

याच दिवसांत ढुंढिराजपंत पेढे घेऊन हजर झाले. “शास्त्रीबुवा, प्रयागच्या मंडळाला पण अंबिकेचा सत्कार करायचाय! मानपत्र तुम्हीच लिहायचं. आणि ती कालज्वरमर्दिनी राहू द्या हं, क्या बात है!”

शास्त्रीबुवांनी पेढ्याला हात लावला नाही. “ढुंढिराज, त्या अखबारवाल्याला गाठ. म्हणावं, चूक झाली, दुरुस्ती छाप.”

“अहो, चूक कसली? तारीफच तर केलीये!”

दुरुस्ती छापून आली. आतल्या पानावर, शोकसंदेश आणि निविदा यांच्यामध्ये, दोन ओळी. ती ज्यांनी वाचायला हवी होती त्यांच्या गावी मास्तरांनी ती मोठ्याने वाचून दाखवली असेल, असं शास्त्रीबुवांना काही वाटेना.

सीता आठवडा पुरा व्हायच्या आत गेली. अंबिका तेव्हा तिथेच होती. रक्त थांबेना, आणि मग थांबवायचं काही उरलंच नाही.

घाटावरचं सगळं उरकून गोपीनाथ निरोप घ्यायला आला. डोकं भादरलेलं, अंगावर कोरं धोतर. तो भांडेल, शिव्या देईल, अशी शास्त्रीबुवांनी मनाची तयारी केली होती. भांडला असता तर बरं झालं असतं. गोपीनाथने अंबिकेच्या पायांना हात लावला.

“आपने बहुत किया. गाँव में मरती तो ऐसे ही चली जाती. आपकी वजह से काशी मिल गई. इससे बड़ा और क्या मिलेगा, बाबा?”

शेवटचा प्रश्न शास्त्रीबुवांना होता. काशीत देह पडला की मुक्ती, हे त्यांनी आयुष्यभर विद्यार्थ्यांना श्लोकांसकट पढवलं होतं. घरोघरी सांत्वनाला जाऊन तेच सांगितलं होतं. आज फक्त एक होकार द्यायचा होता, तो त्यांनी दिला नाही. त्यांनी गोपीनाथच्या खांद्यावर हात ठेवला. इंदूबाई दाराआड तोंडाला पदर लावून रडत होत्या. अंबिका मात्र रडली नाही. तो गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला तशी तिने पर्स उचलली आणि प्रयोगशाळेत निघून गेली. दुसरीकडे कुठे जायचं ते तिला तरी कुठे माहीत होतं?

गोपीनाथ पहिला होता. त्याच्यानंतर छपऱ्याहून आले, मुजफ्फरपूरहून आले. कोणी पोराला खांद्यावर घेऊन, कोणी म्हाताऱ्याला हातगाडीवर घालून. गल्लीतली पोरं न विचारताच घर दाखवू लागली. ज्यांना अजून उपचार होऊ शकत होता त्यांना अंबिका अस्पतालात पोचवी. पण येणारे बहुतेक सगळीकडून हात टेकून आलेले असत. रोज तेच सांगून ती घरी जेवेनाशी झाली.

एके सकाळी शास्त्रीबुवांनी पूजा लवकर आटोपली आणि पाट घेऊन ते दारात बसले. इंदूबाईंनी विचारलं तर म्हणाले, “आता मीच सांगतो. लिहिलं कोणी? मी.” त्या दिवसापासून येणाऱ्याला अंबिकेपर्यंत पोचण्याआधी ते भेटत. ज्यांच्या वाक्याला तीन समासांशिवाय सुरुवात होत नसे, ते शास्त्रीबुवा आपल्या मोडक्या हिंदीत सांगत, “दवा नहीं है. मेरी बेटी को दवा नहीं मिली. अखबार में जो है, वह मैंने लिखा था. गलत लिखा था.” कोणी रडत, कोणी शिव्या देऊन जात. एक जण पचकन पायरीवर थुंकलाही. शास्त्रीबुवांनी उठून पाणी आणलं आणि पायरी धुतली.

कार्तिकातल्या एका दिवशी दरभंग्याची एक म्हातारी आली. नातवाला पाठुंगळी बांधून आणलं होतं. मुलगा झोपला होता की ग्लानीत होता ते कळत नव्हतं. शास्त्रीबुवांनी तिला सगळं सांगितलं. तिला नीट ऐकू येत नसावं म्हणून पुन्हा एकदा, मोठ्याने सांगितलं. “दवा नहीं है, माई.”

“सुन लिया, बाबू,” म्हातारी म्हणाली. तिने नातवाला सोडवून पायरीवर निजवलं, ऊन लागू नये म्हणून त्याच्या तोंडावर पदर धरला आणि शेजारी मांडी घालून बसली.

“अभी नहीं है न? कोई बात नहीं. बिटिया खोज रही है. हम बैठे हैं.”

शास्त्रीबुवांनी आपला पाट उचलला, तिच्याकडे सरकवला आणि ते फरशीवर बसले.