मुद्दा सातवा : घरभेट

“आधी बस. काही विचारू नकोस. नाक उघडं ठेव आणि तोंड बंद.”

शिट्टीबाईंचं हे सांगणं मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. शिट्टीबाई म्हणजे आमच्या भागातल्या दवाखान्याच्या नर्स. रस्त्यात दिसेल त्या पोराला थांबवून त्या म्हणायच्या, “श्वास सोड बघू. छातीत शिट्टी वाजते का?” म्हणून हे नाव पडलं. आम्हाला वाटायचं त्यांना ते ठाऊक नाही. एकदा मी दारात खेळत होते, तर सायकल भिंतीला टेकवत त्याच म्हणाल्या, “जा गं, आईला सांग, शिट्टीबाई आल्यात.” मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

आज इतक्या वर्षांनी मी त्याच शिट्टीचं काम करते, फक्त कागदावर. आरोग्य खात्याच्या चौथ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत, गेले आठ महिने मी राज्यभरासाठी दमा नियंत्रणाचा आराखडा लिहितेय. डॉक्टरांचं प्रशिक्षण, शाळांमधली तपासणी, प्रत्येक दवाखान्यात दम्याचे पंप कायम शिल्लक राहावेत अशी व्यवस्था, रुग्णांची नोंदवही, असे नऊ मुद्दे. सातवा मुद्दा घरभेटीचा. ज्याचा दमा औषधाने आटोक्यात येत नाही, त्याच्या घरी नर्सने जाऊन बसायचं. पाऊण तास. त्यातली पहिली दहा मिनिटं काही न बोलता.

सोमवारच्या बैठकीत तो सातवा मुद्दाच अडला.

“बाई, तुमचा सातवा मुद्दा गोड आहे,” आकडेवारी बघणारे गृहस्थ म्हणाले. ऑफिसात त्यांना सगळे दशांशराव म्हणतात, कारण चहाला किती वेळ लागेल तेही ते दशांशात सांगतात. “पण गोड गोष्टीचं मोजमाप काय? नर्स दहा मिनिटं गप्प बसली, हे मी कुठल्या रकान्यात भरू?”

साहेब हसले. साहेब म्हणजे आमचे संचालक. माणूस वाईट नाही, घाईत असतो इतकंच. “एका नर्सची दिवसाला चार घरं. मग दवाखान्यातली रांग कोण बघणार? आणि आपली प्रश्नावली आहेच की. वाचा हो बारावा प्रश्न.”

दशांशरावांनी वाचला. “घरात धूर होतो का? हो किंवा नाही.”

“झालं! त्यासाठी कुणाच्या घरी जाऊन मौन कशाला धरायचं?”

माझा आवाज मुळात बारीक. खोलीतल्या पंख्यापुढेही तो हरतो. मी म्हटलं, “लोक ‘नाही’ म्हणतात, साहेब. खोटं बोलत नाहीत, पण ‘नाही’ म्हणतात.”

“म्हणजे?”

उत्तर माझ्यापाशी होतं, पण ते माझ्या एकटीचं नव्हतं.

“गुरुवारी मसुदा वर जातोय,” साहेब फाईल मिटत म्हणाले. “तोवर मला पटेल असं एक उदाहरण आणा. एकच. नाहीतर सातवा मुद्दा काढून आठव्याला सातवा करा.”

घरी येताना बस सोडून चालत आले. रस्त्यात एक सायकलवाली बाई साखळी चढवत बसली होती, हात तेलाने काळे. तेवढ्यावरून मी एकदम नऊ वर्षांची झाले.

आमचं घर म्हणजे एक लांबट खोली. दाराशी चूल, मध्ये आमचं सगळ्यांचं वावरणं, आणि टोकाला जुन्या चादरीचा पडदा लावून केलेला ताईचा कोपरा. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला दमा होता. पहाटे तिचा श्वास सुरू झाला की अख्खी खोली जागी व्हायची. ती पलंगावर उठून बसायची, मांडीवर उशी, उशीवर कोपरे, खांदे कानापर्यंत. श्वास आत जायचा, बाहेर पडता पडत नसे. मी पडद्याआडून तिच्याबरोबर श्वास सोडत राहायचे, जणू माझ्या सोडण्याने तिचा सुटणार होता.

बाबा फिरतीच्या नोकरीवर. आई कापडाच्या गिरणीत पहाटेच्या पाळीला जायची. जाताना म्हणायची, “ताईकडे लक्ष ठेव हं, माझी गुणाची ती.” लक्ष ठेवणं म्हणजे काय करायचं, ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी नेम धरला. आई संध्याकाळी देवापुढे एक उदबत्ती लावायची. मी पहाटे, आई गेल्यावर, ताई झोपेत असताना, अकरा लावायचं ठरवलं. देवाच्या फळीपाशी नाही. देवाला नीट कळावं कुणासाठी चाललंय ते, म्हणून ताईच्या पलंगाखाली, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात.

ताईचा दमा वाढला. मी खाऊचे पैसे जमवून पुडे आणले आणि अकराच्या एकवीस केल्या.

नऊ वर्षांच्या मुलीचा नेम तो. एक दिवस चुकवला नाही. तापात असतानाही रांगत जाऊन लावल्या होत्या. आणि ताई त्याच धुरावर पडून धाप टाकत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तीनदा औषध बदललं. गुण येईना, तेव्हा शिट्टीबाई घरी आल्या. आईनं त्यांना खुर्ची दिली, त्यांनी ती नाकारली. चपला काढून थेट पडद्याआड गेल्या आणि ताईच्या पलंगाशी जमिनीवर बसल्या. आई सांगत होती, “धूर? छे हो, चूल दाराशी आहे, सगळा बाहेरच जातो.” शिट्टीबाई काही बोलल्या नाहीत. डोळे मिटून बसल्या. दहा मिनिटं तरी बसल्या असतील. आई कावरीबावरी होऊन माझ्याकडे बघायला लागली, ‘ह्यांना झोप लागली की काय?’ अशा नजरेनं.

मग शिट्टीबाईंनी डोळे उघडले आणि हात पलंगाखाली घातला. डबा बाहेर नाही काढला. नुसती बोटं आत फिरवली, बोटांना राख लागली, ती त्यांनी पदराला पुसली. आईला म्हणाल्या, “चूल मागच्या पडवीत न्या. बरं पडेल.” आई लगेच मागे जागा बघायला गेली. ताई त्या वेळी शेजारच्या घरी गेली होती.

“ए, इकडे ये,” त्या मला म्हणाल्या. “किती लावतेस?”

“एकवीस.” मला वाटलं, कमी पडल्या म्हणून विचारतायत. “आणखी लावू?”

त्यांनी मला जवळ ओढलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला पुढे कितीदा वाटलं. “राणी, देवाला धूर लागत नाही. आणि तुझ्या ताईला सोसत नाही. नेम मोडू नकोस. फक्त वस्तू बदल. उद्यापासून भांडंभर स्वच्छ पाणी ठेव. आणि सकाळी पहिला तास गप्प राहा, ते फार अवघड असतं, देवाला आवडतं.”

मला कळायला दोन क्षण लागले. कळल्यावर मी अशी रडले की त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. “हे आपल्या दोघींत,” म्हणाल्या. “कुणाला सांगायचं नाही. पण मला एक वचन दे. मोठी झालीस की तूही कुणाच्या तरी घरी अशी जाऊन बस. लोक मायेपोटी जे करतात ना, ते विचारून कळत नाही. आधी बस. काही विचारू नकोस. नाक उघडं ठेव आणि तोंड बंद.”

मी मान हलवली.

ताई दोन महिन्यांत बरीच सावरली. त्या वर्षी शाळेच्या मैदानात ती पळाली, शेवटून दुसरी आली आणि पहिली आल्यासारखी नाचली. मी उदबत्ती पुन्हा लावली नाही. पाणी आणि पहिल्या तासाचं मौन, आजवर सुरू आहे. ऑफिसातल्यांना वाटतं, मी सकाळी फोन उचलत नाही कारण मी फार शिष्ट आहे.

ते वचन मात्र राहिलं. आधी शिक्षण, मग नोकरी, मग टेबल. टेबलावरून घरात जाता येत नाही. मी स्वतःला समजावलं होतं की सातवा मुद्दा म्हणजेच वचन पाळणं, एका घराऐवजी राज्यातल्या सगळ्या घरांत.

मंगळवारी दुपारी मी ताईला फोन केला. ती दुसऱ्या शहरात असते, शाळेत खेळ शिकवते.

“काय गं योजनाबाई? आज दुपारी कशी आठवण झाली? मौन सुटलं वाटतं!”

मी सगळं सांगितलं. बैठकीत अडलेला मुद्दा, डबा, अकरा, एकवीस, राख.

“तो वास,” ती शेवटी म्हणाली. “मला वाटायचं, आईच्या संध्याकाळच्या उदबत्तीचा राहिलाय.”

“मी लहान होते गं.”

“ते कळतंय मला. तुझ्यावर नाही राग.” मग तिचा आवाज बदलला. “आहे, थोडा आहे. आईला का नाही सांगितलंस? अगं, मरेपर्यंत तिला वाटत होतं, तिच्या चुलीनं मला दमा दिला. थंडीवाऱ्यात मागच्या पडवीत स्वयंपाक केला तिनं. घर बदललं, गॅस आला, तरी शेगडी दाराबाहेर. मला म्हणायची, ‘पोरी, मी तुझा श्वास खाल्ला.’”

हे मला माहीत नव्हतं. आईनं माझ्यापाशी कधी शब्द काढला नव्हता. शिट्टीबाईंनी मला झाकलं आणि त्या झाकणाखाली आई राहिली. फोन कानाला तसाच धरून मी बसले.

“तू आहेस ना?” ताई म्हणाली.

“आहे.”

“बैठकीत सांगायचंय ना हे? सांग. पण नीट मोठ्यानं सांग. तुझं ते कानगोष्टीसारखं बोलणं नको.” मग म्हणाली, “मला आधी सांगितलंस ते बरं केलंस. आता ठेव, मला रडायचंय आणि पोरं मैदानावर वाट बघतायत.”

गुरुवारी मी उभी राहिले. दशांशरावांनी पेन उघडून ठेवलं होतं. मी त्यांना पंखा बंद करायला सांगितलं. आठ महिन्यांत मी त्या खोलीत कुणाला काही करायला सांगितल्याची ती पहिली वेळ असावी.

मी सांगितलं. कुणाची गोष्ट आहे तेही सांगितलं. शेवटी म्हटलं, “साहेब, माझ्या आईला तुमचा बारावा प्रश्न विचारला असता, तर तिने ‘नाही’ सांगितलं असतं. मला विचारला असता, तर मीही ‘नाही’च म्हटलं असतं. देवाच्या उदबत्तीला धूर कोण म्हणतं?”

दशांशराव पेनचं टोपण लावून पुन्हा काढत होते. मग एकदम म्हणाले, “आमची ही डास पळवणारी कॉइल लावते. मुलाच्या खाटेखाली. चांगली माणसं आहोत हो आम्ही.” आणि आपणच ओशाळून कागद चाळायला लागले.

साहेबांनी चष्मा काढला. “बाई, राज्यभर आत्ता नाही जमणार. नर्स नाहीत, हे खरंच आहे. सातवा मुद्दा ठेवतो, पण एका विभागापुरता. शंभर घरं. ज्यांना तीनदा औषध बदलून गुण नाही, अशी. सहा महिन्यांत काय सापडलं ते दाखवा, मग बाकीच्या राज्याचं बोलू.”

“मोजायचं काय, ते मी काढतो,” दशांशराव म्हणाले. “दहा मिनिटांच्या मौनाचाही रकाना करू, व्हायचं ते होवो.”

“आणि नर्सना हे गप्प बसणं शिकवणार कोण?” साहेबांनी विचारलं.

“मी. पण आधी मला एकदा जाऊन बसू द्या. मी अजून कधी बसलेली नाही.”

शंभरपैकी शून्य घरं, हे मला त्या खोलीत उभं राहूनच कळलं. इतकी वर्षं मी बसण्याबद्दल लिहीत होते.

शनिवारी सकाळी पाण्याचं भांडं भरून ठेवलं. आईच्या फोटोसमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिले. तिला जे सांगायचं होतं ते मनातल्या मनात सांगितलं. उशिरा सांगितलं, पण सांगितलं. मग यादीतला पहिला पत्ता पाहिला. शिवणकाम करणारी बाई, तिची सात वर्षांची मुलगी, औषध तीनदा बदललेलं. पिशवीत पाण्याची बाटली आणि कोरी वही घातली. बारावा प्रश्न असलेला कागद टेबलावरच राहू दिला.

मौनाचा तास संपायला अजून वीस मिनिटं होती. तिथे पोचेपर्यंत संपला असता. संपला नसता तरी चाललं असतं. मी चपला घातल्या, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि जिना उतरू लागले.