कागदोपत्री आजारी

मालकांची स्वारी वर्षभराच्या हजेरीसाठी शोगुनच्या एदो शहराला निघायच्या आदल्या दिवशी माझी बायको ओसेन वारली. सुतकात मालकांसमोर जाता येत नाही, आणि स्वारीतला पहिला भाला धरणारा मीच.

कारभारी कुरिहारा म्हणाले, "मागोएमोन, वहिनी आजारी आहेत असं लिहितो. तू परत आलास की वारतील."

"परत यायला वर्ष लागेल, साहेब."

"मग वर्षभर जगतील की!"

"आणि तिला पुरायचं?"

"गुपचूप उरक. रडू मात्र नकोस, शेजारी ऐकतील."

ओसेनला मी एकट्यानेच पुरलं. सकाळी निघताना मालकांनी मोठ्या दयेने विचारलं, "बायको कशी आहे रे?"

मी कपाळ जमिनीला टेकवलं. "आता काही त्रास नाही, महाराज."

मालक खूश झाले. तिच्यासाठी औषधाची पुडी दिली आणि दिवसातून दोनदा घ्यायला सांगितलं.