मास्तरांची बोटं आणि घोडीची शेपटी

गळाच्या दोऱ्या वळणाऱ्या मास्तरांचं एकच म्हणणं होतं, आणि ते तीस वर्षं ऐकून गिऱ्हाइकांचे कान किटले होते. दोरी वळावी ती घोड्याच्या शेपटीची. घोडीची शेपटी तिच्याच मुताने भिजते, केस आतून कुजतो, मासा लागला की तुटलाच समजा. "मादीच्या केसात जोर नसतो," असा समारोप करून ते मान डोलवत. समोरच्या बाकावर त्यांची बायको केस धूत, विंचरत बसलेली असे. कुणाचा घोडा गेला की त्याच्या शेपटीचं मनगटात घालायचं कडं ती विणून द्यायची, आठवण म्हणून. तिचं मत कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही आपणहून कधी दिलं नाही.

दुकानात खुंट्या दोन. डावी मास्तरांची, उजवी तिची. कड्यासाठी आलेल्या जुडीला ती लाल दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, आणि मास्तर ती चिठ्ठी उपटून टाकायचे. डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं तरी घोडा की घोडी ते सांगतो, अशी त्यांची शेखी. अशा माणसाला चिठ्ठी दाखवायची म्हणजे अपमानच की! आणि बोटं इतकी हुशार असल्यावर खुंटी कुठली हे बघायला डोळे तरी कशाला शिणवा?

त्या आठवड्यात लॉन्ड्रीवाल्या मावशींची घोडी गेली. बावीस वर्षं तिने कपड्यांची गाडी ओढली होती. इस्त्री केलेल्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळून मावशींनी शेपटी आणली. पांढरी, पण उजेडात धरली की मधाची झाक मारायची. शनिवारी कडं देते, असा मास्तरांच्या बायकोने शब्द दिला, शेपटी धुऊन उजव्या खुंटीला लावली आणि तीन दिवसांसाठी बहिणीकडे गेली.

दुसऱ्याच दिवशी दातांचे डॉक्टर नवी दोरी मागायला आले. पिसांची खोटी माशी बांधून नदीत मासे पकडायचा त्यांना भारी नाद. मास्तर त्यांना घोडीच्या केसाचे दोष समजावत होते. बोलता बोलता हात उजव्या खुंटीवर गेला. डोळे मिटून बोट फिरवलं, लाल दोरा तोडून टाकला, म्हणाले, हा बघा अस्सल घोडा. अख्खी शेपटी वळून काढली. जाड टोकाला अठरा केस, माशीच्या टोकाला तीन. विंचरताना निघालेले वीतभर आखूड केस नेहमीप्रमाणे स्टुलावरच्या उशीत कोंबले आणि वर बसले. गुरुवारी डॉक्टरांनी त्याच दोरीवर हातभर लांबीचा मासा ओढून काढला आणि गावभर सांगत सुटले.

शुक्रवारी बायको परतली. तिने रिकामी खुंटी पाहिली, टेबलाखालचा लाल दोरा उचलला आणि मास्तरांसमोर धरला. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या कुठल्यातरी पांढऱ्या केसांचं विणून दे, मावशींना काय कळतंय, असं ते हळूच सुचवून बघायला लागले. पण बायकोने मी शब्द दिलाय एवढंच म्हणून दाराकडे बोट दाखवलं. मास्तर चपला घालून निघाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना हात धरून आत नेलं, तोंड वासून बसलेल्या पेशंटसमोरच त्यांच्या बोटांची तारीफ केली. दोरी परत द्या, चुकून घोडीची वळली गेली, हे सांगताना मास्तरांना घाम फुटला. डॉक्टर पोट धरून हसले. घोडीचा केस तुटतो हे कुणी शिकवलं आम्हाला? तुम्हीच ना? मग ही तुटली का? आणि तुमची बोटं कधी चुकतील का, मास्तर? अशी दोरी पुन्हा जमणार नाही म्हणून परत हवीय, कबूल करा! मास्तरांनी घोडीची बाजू घेऊन पाऊण तास वाद घातला. जन्मात पहिल्यांदाच. तीस वर्षं त्यांनी इतकं छान शिकवलं होतं की आता खरं सांगून कुणाला पटेना.

हात हलवत ते घरी आले तर बायकोने स्टुलावरची उशी उसवलेली. अगदी वरच मधाच्या झाकेचे मूठभर केस होते. वीतभर केस गळाच्या दोरीला कुचकामी, पण मनगटाला पुरतात. ती मान खाली घालून विणत बसली. मास्तरांनी न सांगताच दिवा जवळ सरकवला.

शनिवारी मावशी आल्या तेव्हा ती दुसऱ्याच एका कड्याची गाठ मारत होती. मावशींनी आपलं कडं मनगटात घातलं, गालाला लावलं. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, शेपटी तर केवढी मोठी होती, बाकीचे केस कुठे गेले?

खोटं बोलायला जागा होती. उंदरांनी कुरतडले म्हणता आलं असतं. मास्तरांनी एकदा उसवलेल्या उशीकडे पाहिलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"त्यांची दोरी झाली. चूक माझी," ते म्हणाले. "आजवर वळलेल्यांत तीच सगळ्यात मजबूत निघाली. घोडीची."

मावशींनी कड्यावरून अंगठा फिरवला. "बावीस वर्षं भरलेली गाडी ओढली हो तिने," त्या म्हणाल्या. "घोडी मजबूत नसते म्हणून कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

बाकावरून बायकोने हातातली गाठ तशीच धरून मास्तरांकडे पाहिलं.

"काय म्हणालात? परत एकदा म्हणा. माझं लक्ष नव्हतं."

तिचं लक्ष होतं, हे दोघांनाही पक्कं माहीत होतं. मास्तरांनी परत म्हटलं, या वेळी जरा मोठ्याने, आणि उशी नसलेल्या स्टुलावर जाऊन बसले.