उतार मोठा की खडक?

नकाशेवालीच्या संगणकात अख्खा डोंगर तयार होता. उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेले उतार, खडक आणि भेगांचे थर एकावर एक रचून झाले होते. आता कोणत्या थराला किती वजन द्यायचं एवढंच ठरायचं होतं. मग जिथे झरा असायची शक्यता, तिथे नकाशा आपोआप निळा होणार होता. वजन ठरवायचा मान अर्थात भूगर्भवाल्या साहेबांचा. झरा शोधायला गेलेली जीप आधीच्या दोन फेऱ्यांत कोरडीच परतली होती. उद्याच्या तिसऱ्या फेरीतही तसंच झालं, तर नकाशे बंद आणि तिची खुर्चीही गेली.

"साहेब, उतार महत्त्वाचा की खडक?"

"उतार! विचारायचं काय त्यात?"

"खडक की भेगा?"

"खडकच की."

"मग भेगा की उतार?"

"भेगा!" साहेबांनी मिशीला पीळ दिला.

झालं! साप स्वतःचीच शेपूट गिळून बसला. उत्तरं जुळत नाहीत, असं संगणकानं लाल अक्षरांत सांगितलं.

"या डबड्याला काय कळतंय?" साहेब खवळले.

घरी दीड वर्षाचं लेकरू असल्यामुळे, हट्टी माणसाला सरळ विचारायचं नसतं, हे तिला पाठ होतं. "राहू द्या साहेब. घरात जास्त कुणाला भिता? बाईसाहेबांना की सासूबाईंना?"

साहेबांनी आधी दाराकडे पाहिलं. "सासूबाईंना."

"बाईसाहेब की आत्याबाई?"

"बायको. आत्या नुसती ओरडते."

"आणि सासूबाई की आत्याबाई?"

"सासूबाई! अहो, त्यांच्यापुढे आत्याचीही बोबडी वळते."

पाहा, कशी सरळ रांग लागली! "मग सांगा, डोंगरातली सासूबाई कोण?"

साहेब सावरून बसले. "खडक. त्याच्या मनात नसेल तर थेंब हलायचा नाही. भेगा म्हणजे बायको, घरातलं सगळं तिथूनच बाहेर फुटतं. उतार आत्या, नुसता गडगडाट!"

तिनं त्याच क्रमानं वजनं भरली, तशी लाल अक्षरं गुमान विझली. डोंगराच्या कुशीत गर्द निळा ठिपका उमटला.

दुसऱ्या दिवशी ती, साहेब आणि जीपचे ड्रायव्हरकाका त्या ठिपक्यावर पोचले, तर सगळं कोरडं ठणठणीत. वाळलं गवत आणि दगड. तिनं नकाशा पुन्हा ताडून पाहिला. साहेब धापा टाकत गवतावरच बसले. "सासूबाईंनी दगा दिला हो!" म्हणत उठले, तर पँट मागून चिंब.

"होतं साहेब, वय झालं की," ड्रायव्हरकाका हळूच म्हणाले.

"गप्प बसा! खालून आलंय ते!"

"तेच म्हणतोय मी."

नकाशेवालीनं धावत जाऊन गवत बाजूला सारलं. भेगेतून पाणी झुळझुळत होतं! ओली पँट दिसू नये म्हणून साहेब उलटे चालत जीपकडे निघाले, तशी ती ओरडली, "साहेब, थांबा! अचूक जागा नोंदवायचीय. जरा परत बसता का?"

आणि साहेब, अगदी मानानं, बसले.