झाड बघ

ही गोष्ट लिहायचीच नाही असं मी ठरवलं होतं. पण निकितानं पिकअप दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि गाडी सरळ लिंबाच्या झाडाकडं निघाली, तिथपासून गप्प बसणं जमेना.

राणीसावरगावच्या माळावर ती गाडी शिकत होती. मधे तिला शिकवणारा ड्रायव्हर हरिओम, खिडकीशी तिची आई केवळाबाई. निकिताचा भाऊ आणि हरिओमचा दोस्त बन्सीधर अपघातात गेला त्याला वर्ष झालं होतं. त्याचीच ही पिकअप, ठोकून-रंगवून परत आणलेली. भाजीच्या फेऱ्या आता निकिता करणार होती.

“हरीदादा, वळंना की!” स्टिअरिंग आवळून ती झाडाकडंच बघायली होती.

“झाड बघ गं, झाड!” केवळाबाई वरडल्या.

हरिओमनं हात लांब करून तिच्या डोळ्यांपुढं धरला. झाड झाकलं.

“झाड न्हाई बघायचं. तिकडं, वाटंकडं बघ.”

गाडी आपसूक वळली.

“आं? कशी काय वळली?”

“डोळे जातेत तिकडं हात जातेत.”

“सायकल यायला चार वर्षं लागली हिला,” केवळाबाई पदरानं घाम पुसत म्हणाल्या.

हरिओमला तरी हे कुठं ठाऊक होतं! गेल्या महिन्यात मालकानं त्याला पुण्याकडं ड्रायव्हिंगच्या एका ट्रॅकवर शिकायला धाडलं. बारा वर्षं गाडी हाणतोय, मला काय शिकवतेत, अशा तोऱ्यात तो गेला आणि पहिल्याच वळणावर मांडलेले प्लॅस्टिकचे तीन कोन उडवून बसला.

“कोन उडू नये म्हणून तू कोनाकडंच बघतोस,” शिकवणारे सर म्हणाले. “म्हणून तिकडंच जातोस. जिथं जायचंय तिथं बघ.”

पुढच्या फेरीत एकही कोन पडला नाही. बाकीचे ड्रायव्हर टाळ्या वाजवायले होते. हरिओम उतरला, टायरांच्या ढिगाआड गेला आणि डोळे मिटून बसला.

वर्षापूर्वी गंगाखेडच्या रस्त्यावर शेळ्या आडव्या आल्या आणि बन्सीनं गाडी कडेला घेतली, तेव्हा शेजारी तोच होता. तोच वरडला होता. झाड बघ, बन्सी, झाड!

आणि बन्सीनं बघितलं होतं.

“तू बी त्या दिवशी माझ्यावानीच वरडला होतास ना रे?” केवळाबाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तेवढंच बरं वाटतंय बाबा. माझ्या लेकराला कुणी तरी सावध केलं.”

हरिओमनं त्या हाताकडं बघितलं.

निकितानं गाडी हळूच थांबवली. चावी फिरवली. ती हरिओमकडं वळली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून समोरच्या वाटेकडं बघत राहिली. “डोळे जातेत तिकडं...” ती स्वतःशीच पुटपुटली.

“का गं थांबलीस?” केवळाबाईंनी विचारलं.

“कायी न्हाई, माय.”

गुडघ्यावरचा हात अजून तिथंच होता. हरिओमनं मनातल्या मनात बन्सीला सांगितलं, हिला लायसन मिळू दे. त्या दिवशी तुझ्या मायला माझ्या वरडण्यानं काय झालं ते मीच सांगतो, तिच्याकडं बघून.