भंडाऱ्याच्या डब्याला पडलेली फट

डबडं म्हणू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो. मी डबा आहे. पत्र्याचा, वीतभर उंचीचा, झाकणाला कडी असलेला आणि आतून पिवळाधमक. हरणाबाईच्या घरचा बिरोबाचा भंडारा, म्हणजे देवाची हळद, गेली एकोणीस वर्षं माझ्याच पोटात आहे. त्यामुळं मला खोटं बोलता येत नाही, आणि आता माझ्या झाकणाला ही जी फट दिसते आहे ना, तिची हकिकतही खरीच आहे.

जन्म माझा औंधचा. यमाईच्या जत्रेत एक कारागीर तेलाच्या जुन्या डब्यांचा पत्रा कापून चाळण्या, नरसाळी, डबे करत बसला होता. त्यानं मला वाकवलं, झाळून सांधे बुजवले आणि बिराप्पाच्या हातात दिलं. बिराप्पा म्हणजे हरणाबाईचा नवरा. जतकडचा मेंढपाळ, त्या वर्षी कळप घेऊन तिकडं आलेला. माझ्या आतल्या बाजूला तेलाच्या जाहिरातीची उलटी अक्षरं अजून आहेत. घोड्यावर लादलेला मी बरंच रान हिंडलो. मग नऊ वर्षांपूर्वी पोरींच्या शाळेसाठी हरणाबाई शिरवळला आली, कंपनीत कामाला लागली, आणि मी भाड्याच्या खोलीतल्या फळीवर बसलो. बिराप्पा गावी मेंढरं आणि बाजरी बघतो, महिन्याकाठी येऊन जातो.

हरणाबाईचं काम पॅकिंगचं. गाड्यांचे सुटे भाग खोक्यात भरायचे, तेही आठ तास उभ्यानं. बसायला बाकडं नाही, स्टूल नाही. घरी आली की ती कपाळाला भंडारा लावायच्या आधी गुडघ्यांना तेल लावायची. यावरनं काय ते समजा.

कंपनीत कामगारांची संघटना होती आणि नाथाजी तिचा अध्यक्ष. ऊसवाल्या घरातला, फौजेतनं आलेला, भरघोस मिशांचा गडी. माणूस वाईट नव्हता. कुणाचा हात मशीनमध्ये सापडला तर दवाखान्यात पहिला तोच पळायचा. पण निवडणूक म्हटली की त्याची एकच पद्धत. सभेत उभं राहायचं आणि खड्या आवाजात म्हणायचं, "हात वर." सगळे हात वर. बारा वर्षं बिनविरोध, आणि त्याचा त्याला लय अभिमान. अहो, खाली राहिलेला हात लगेच दिसतो. मग तो कोण ठेवणार?

बायकांनी स्टुलांचा विषय काढला की नाथाजी म्हणायचा, फौजेत आम्ही पहारा उभ्यानंच दिला. झालं, विषय तिथंच मिटायचा.

पॅकिंगलाच आष्ट्याची माया होती. तिशीची, बोलायला चटपटीत. संघटनेच्या खोलीत नियमांचं एक पुस्तक खिळ्याला दोरीनं लटकवलेलं होतं. बारा वर्षांत ते कुणी उघडलं नव्हतं, ते हिनं उघडलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, अध्यक्षाची निवड दर तीन वर्षांनी, गुप्त मतदानानं. मग काय, माया स्वतःच नाथाजीच्या विरोधात उभी राहिली. मागणी एकच, पॅकिंगला स्टुलं. सगळं पॅकिंग हरखलं. आमची हरणाबाई तर त्या दिवशी तेल लावायचंच विसरली.

पण नाथाजीचा उजवा हात आप्पासो हुशार. मतदानाच्या आठ दिवस आधी पहिली पाळी सुटल्यावर तो आमच्या खोलीवर आला. आजूबाजूच्या पॅकिंगच्या बायकांना बोलावलं आणि मला फळीवरनं खाली घेतलं. भंडारा उचला, म्हणजे चिमूट हातात धरून शपथ घ्या, म्हणाला. हरणाबाईचा चेहरा पडला. नको म्हणावं तर मत कुणाला ते कळणार, आणि उचलावा तर तो मोडायचा कसा? तिच्या माहेरी नि सासरी कुणी उचललेला भंडारा मोडला नव्हता.

आता गंमत बघा. नाव घेऊन शपथ घातल्याचं बाहेर कळलं तर निवडणूक रद्द होईल, ही आप्पासोला भीती. म्हणून त्यानं नाव घेतलंच नाही. म्हणाला, "म्हणा, मत दीन तर आपल्याच माणसाला." तेवीस बायकांनी चिमूट उचलली आणि तसं म्हटलं. आप्पासो खूश होऊन गेला. माणूस म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढं मिशाच आल्या असणार.

पुढचे चार दिवस हरणाबाई माझ्याशी बोलली नाही. भाकरी थापताना हात थांबायचे. मला फार वाईट वाटलं, कारण शपथ माझ्याच तोंडातनं बाहेर पडली होती.

पाचव्या दिवशी ती आली तीच हसत. मला पुढ्यात घेऊन तिनं सगळं सांगितलं. कामावर तिचा गुडघा एकदम लचकला. मायानं पटकन रिकामं खोकं तिच्याखाली सरकवलं आणि पाळी संपेपर्यंत दोघींचं काम एकटीनं ओढलं. ते बघून शेजारची दगडाबाई सहज बोलून गेली, "आपलं माणूस हाय म्हणून केलं बाई, दुसरं कोण करतंय?" हरणाबाई तिथंच थबकली. आपलं माणूस. बाईपण माणूसच की! दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ही गोष्ट पॅकिंगभर झाली, आणि आप्पासोला पत्ता नाही.

मतदानाला पेटी कुठली घ्यायची यावर वाद झाला. नाथाजीकडची पेटी मायाला नको, मायाकडची नाथाजीला नको. निवडणूक बघायला आलेले निवृत्त कोंडीबा गुरुजी वैतागले. तेव्हा आप्पासोच म्हणाला, हरणाबाईचा भंडाऱ्याचा डबा आणा, शपथ त्यातच आहे, मतं पण त्यातच पडू देत. त्याला वाटलं, बायका घाबरतील. कुणीतरी "ते डबडं?" म्हणालं, ते मी लक्षात ठेवलंय.

हरणाबाईनं भंडारा फडक्यात काढून घेतला. एकानं छिन्नी लावून माझ्या झाकणाला फट पाडली. दुखलं, पण मान मोठा होता.

काय एकेक तऱ्हा बघितल्या त्या दिवशी! कुणी चिठ्ठीच्या आठ घड्या घातल्या. कुणी आधी माझ्या पाया पडलं, मग चिठ्ठी टाकली. एक गडी चिठ्ठी हातात धरून इतका वेळ उभा राहिला की गुरुजींना खाकरावं लागलं. चिठ्ठ्या बाहेर काढल्या तेव्हा सगळ्या पिवळ्या झालेल्या, कारण माझ्या कानाकोपऱ्यातला भंडारा काही निघत नाही. माया शहाण्णव, नाथाजी एकोणनव्वद, एक बाद. बाद झालेल्या चिठ्ठीवर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, "बसाय स्टूल द्या."

साऱ्या कंपनीत बायका चौऱ्याण्णवच, सगळ्या पॅकिंगला. म्हणजे गड्यांचीही मतं मायाला पडली. कुणाची ते मला ठाऊक आहे. सांगणार नाही.

नाथाजी तांबडालाल झाला. थेट हरणाबाईपुढं आला. "भंडारा उचलला हुता न्हवं तुमी? काय म्हणून उचलला हुता?"

हरणाबाई मागं सरली नाही. "आपल्याच माणसाला मत दीन म्हणून. दिलं की भाऊ. माया आपलंच माणूस हाय."

नाथाजीनं आप्पासोकडं बघितलं. आप्पासो आपल्या चपला बघत होता. नाथाजीच्या मिशा हलल्या, आणि तो हसला. चिठ्ठ्या तपासून पिवळी झालेली बोटं त्यानं कपाळाला लावली आणि निघून गेला.

पुढं साहेबांबरोबरच्या बैठकीला मायानं त्याला बोलावलं, आणि तो गेला. साहेब म्हणाले, उभ्यानं काम करणं सवयीचं असतं, विचारा नाथाजींना. त्यावर तो म्हणाला, "पहारा उभ्यानंच दिला, साहेब. पण दर दोन तासांनी पहारेकरी बदलतो. हे मी इतकी वर्सं कुणाला सांगितलंच न्हाई."

दोन महिन्यांत स्टुलं आली. लोखंडी, हिरव्या रंगाची. हरणाबाईचे गुडघे काही नवे झाले नाहीत, पण घरी आली की आता ती आधी कपाळाला भंडारा लावते. तेल नंतर.

मी परत फळीवर आहे. परवा बिराप्पा आला होता. मला उचललं तर फटीतनं भंडारा त्याच्या धोतरावर सांडला. म्हणाला, उद्या औंधला नेऊन झाळून आणतो. बुजवू नका हो, एवढंच मला म्हणायचं होतं, पण पत्र्याचं माणसांना कुठलं ऐकू येतंय?

हरणाबाईनं मला त्याच्या हातातनं घेतलं, पदरानं पुसलं आणि जागेवर ठेवलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तीन वर्सांनी परत लागंल."